तो मनगट चावतो तेव्हा: वर्तन-साहाय्याबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट’ हे शब्द ओझरते येऊन गेले आणि पत्रांचा गठ्ठा आला. बहुतेकांचं विचारणं एकच: हे गोव्यात मिळतं कुठे? ज्यांनी शब्द पहिल्यांदाच ऐकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या व्यक्तीचं वागणं तिला किंवा घरच्यांना इजा करत असेल, तर ते धाकाने दाबायचं नाही. ते कशासाठी होतंय हे आधी शोधायचं, तीच गरज भागवायचा सोपा मार्ग तिला शिकवायचा आणि भोवतालची अडचण दूर करायची. मराठीत आम्ही याला वर्तन-साहाय्य म्हणतो.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलत नाही. सहा महिन्यांपासून स्वतःचं मनगट चावतो, कधी कपाळ भिंतीवर आपटतो. सकाळी पोदेर येतो त्या सुमाराला जास्त. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे ‘दुर्लक्ष करा’ एवढंच सांगितलं. गोव्यात हे काम नेमकं कोण करतं?
— एक आई, डिचोली

या नावाची पाटी शोधत फिराल तर दमाल. आपल्याकडे हे काम वेगवेगळ्या पाट्यांखाली चालतं: कुठे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कुठे विशेष शिक्षक, कुठे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारे). म्हणून पाटीपेक्षा कामाची पद्धत ओळखायला शिका. ती कशी ओळखायची ते तुमच्याच पत्रातल्या एका ओळीवरून दाखवतो.

‘पोदेर येतो त्या सुमाराला’ असं तुम्ही लिहिलंय. आता त्या पाच मिनिटांत घरात काय काय घडतं बघा. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजतो. तुम्ही हातातलं काम टाकून गेटपाशी जाता. पाव घरात येतो, पण चहा व्हायचा असतो म्हणून लगेच ताटलीत पडत नाही. म्हणजे मनगट चावण्यामागे निदान तीन कारणं असू शकतात. आवाज सहन होत नाही, हे एक. आई दिसेनाशी झाली, हे दुसरं. पाव दिसतोय पण मिळत नाही, हे तिसरं. बाहेरून तिन्ही वेळा दिसतं ते एकच, दातांत धरलेलं मनगट. उपाय मात्र तिन्हींचे निराळे. आवाजाचा त्रास असेल तर दुर्लक्ष करून काय साधणार? भोंपू थोडाच थांबणार आहे?

हे घरच्या घरी तपासता येतं. चार दिवस पाव आणायला दुसऱ्या कुणाला पाठवा, तुम्ही त्याच्याजवळच बसा. चावणं थांबलं तर प्रश्न तुमच्या जाण्याचा होता. तसंच राहिलं तर पुढचे चार दिवस भोंपू वाजायच्या आधी कानांवर इअरमफ चढवा. हार्डवेअरच्या दुकानात कामगारांसाठी मिळतात ते साधारण २५ डेसिबलचे चालतात. मात्र दिवसभर घालून ठेवू नका, त्याने कान आणखी हळवे होतात. तिसरे चार दिवस ताटलीत आदल्या दिवसाच्या पावाचा तुकडा आधीच तयार ठेवा. एका वेळी एकच बदल करा. तिन्ही गोष्टी एकदम केल्या आणि फरक पडला, तर तो कशाने पडला हे कळणार नाही.

कारण सापडलं की त्याच कामाचा दुसरा मार्ग शिकवायचा. इथे भाषेचं पथ्य पाळा. घरी कोंकणी, शाळेत मराठी, थेरपिस्टकडे हिंदी किंवा इंग्रजी, अशा तीन भाषांत न बोलणाऱ्या मुलाने ‘नको’ कुठल्या शब्दाने सांगायचं? घरात दिवसभर ‘नाका’ (नको), ‘जाय’ (हवं), ‘पुरो’ (पुरे) हे कोंकणी शब्द कानांवर पडत असतील तर कार्डावर तेच लिहा, चित्र तेच काढा आणि तेच कार्ड शाळेत आणि थेरपीत न्या. सुरुवात एकाच कार्डाने करा. त्याने ‘नाका’ कार्ड हातात दिलं की दोन-तीन सेकंदांत ती गोष्ट थांबली पाहिजे, आणि पहिले दोन आठवडे दर वेळी थांबली पाहिजे. कार्ड देण्यापेक्षा चावल्याने काम लवकर होत असेल, तर तो चावणारच. बहुतेक घरांत कार्डाची योजना इथेच फसते. कार्ड कपाटावर ठेवलेलं असतं आणि दात तोंडातच असतात.

‘दुर्लक्ष करा’ या सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलतो. वागणं लक्ष वेधण्यासाठी आहे हे तपासून ठरलेलं असेल तरच तो सल्ला लागू पडतो. तेव्हाही आधी काही दिवस ते वागणं वाढतं, मग उतरतं. डोकं आपटण्याच्या बाबतीत ती वाढ डोळ्याला आणि मेंदूला परवडणारी नाही. जाणकाराच्या देखरेखीशिवाय स्वतःला इजा करण्याकडे दुर्लक्ष करू नका. कपाळ आणि भिंत यांच्यामध्ये उशी घाला, काही न बोलता.

आणि या सगळ्याच्या आधी डॉक्टर. सहा महिन्यांपूर्वी अचानक सुरू झालेलं वागणं हे दुखण्याचं लक्षण असू शकतं. कान, दात, घसा, छातीतली जळजळ आणि बद्धकोष्ठ नीट तपासून घ्या. जेवण तीन-चार पदार्थांवर अडलेल्या मुलांत बद्धकोष्ठ फार आढळतं, आणि ‘रोज होते’ या उत्तरावर डॉक्टरही पुढे जातात. कधीकधी मागे शौचाचे घट्ट खडे अडकलेले असतात आणि बाजूने पातळ झिरपत असतं, म्हणून पोट हाताने तपासा असं मुद्दाम सांगा.

आता ठिकाणं. सरकारी बाजूला बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात, आणि शेजारचं गोवा मेडिकल कॉलेज. पर्वरीला संजय सेंटर फॉर स्पेशल एज्युकेशन. स्वयंसेवी संस्थांत सेतू आणि संगाथ, फोंड्याजवळ ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान, तुमच्या डिचोलीतच केशव सेवा साधना, जुन्या गोव्याला सेंट झेवियर्स अकादमी. प्रत्येक ठिकाणी वर्तनाचंच काम करणारी व्यक्ती आहे का, हे फोनवर विचारून मगच बस पकडा.

फोनवर विचारायचं ते असं: तुम्ही मुलाला घरी किंवा शाळेत, जिथे हे घडतं तिथे येऊन बघाल का, किंवा निदान व्हिडिओ मागवाल का? योजना लेखी द्याल का? सत्रात मी बसू शकते का? मला आणि आजीला शिकवाल का? सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही हे कशावरून ठरवाल? शेवटच्या प्रश्नाला ‘बघू, मुलावर अवलंबून असतं’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. जाणकार माणूस आकडा सांगतो: आता दिवसाला वीस वेळा होतं, दीड महिन्यात दहाच्या खाली आणायचं, आणि तोवर कार्ड स्वतःहून पाच वेळा दिलं गेलं पाहिजे.

मग नोंदणी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुनर्वसन मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेकडचा नोंदणी क्रमांक, मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोंदणीची मुदत संपते, म्हणून तारीखही बघा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आरसीआयखाली येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे हा क्रमांक नसेल तर शंका घेऊ नका. ‘बिहेवियर अ‍ॅनालिस्ट’ (वर्तन-विश्लेषक) असा वर्ग आरसीआयच्या यादीत नाही. काही जण दाखवतात ते बीसीबीए हे वर्तन-विश्लेषकांसाठीचं अमेरिकी मंडळाचं प्रमाणपत्र आहे, आणि २०२३ पासून त्या मंडळाने बहुतेक देशांतले नवे अर्ज घेणं थांबवलं आहे. अशी प्रमाणपत्रं अभ्यास झाल्याची खूण असतात, पण भारतातला परवाना नव्हेत.

पोरीच्या सायकॉलॉजिस्टने ‘दोन आठवडे नोंद ठेवा’ म्हणून सांगितलं. आम्ही लिहून नेलं तर म्हणतात, यातून काही कळत नाही. मग लिहायचं तरी काय?
— एक बाप, फोंडा

तुम्ही ‘आज फार चिडली, आदळआपट केली’ असं लिहिलं असणार. चिडणं दिसत नाही, अंदाजाने ठरतं. दिसतं ते लिहा: ‘स्टीलचा पेला जमिनीवर फेकला, तीनदा, ओरडली, साधारण दोन मिनिटं.’ घरातल्या दुसऱ्या माणसाने तोच प्रसंग बघून तेच शब्द लिहिले असते का, ही कसोटी लावा.

शंभर पानी वही आडवी धरून पाच रकाने पाडा. तारीख आणि वेळ. कुठे आणि कोण होतं. आधीच्या पाच मिनिटांत काय घडलं. तिने नेमकं काय केलं, किती वेळा. आणि लगेच नंतर बाकीच्यांनी काय केलं. हा शेवटचा रकाना लोक गाळतात. खरं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. पेला फेकल्यावर पंधरापैकी बारा वेळा कुणीतरी गृहपाठाची वही बाजूला केली असेल, तर पेला कशासाठी फेकला जातो हे उघड आहे. नंतरचा रकाना खरं लिहा. टीव्ही लावून दिला असेल तर टीव्ही, चापट मारली असेल तर चापट. ही वही तुम्हाला दोषी ठरवायला मागितलेली नाही.

पानाच्या तळाशी रोज एक ओळ: झोप किती तास, शौचाला झाली का, जेवण, औषध चुकलं का, आणि मुलगी वयात आली असेल तर पाळीचा दिवस. दर महिन्याला तेच तीन-चार दिवस वाईट जात असतील, तर आधी दुखण्याची गोळी आणि गरम पिशवी, मग बाकीचं.

रात्री आठवून लिहू नका, प्रसंग घडल्यापासून दहा मिनिटांत दोन शब्द टिपा. आणि शांत गेलेले तासही मांडा. त्यासाठी वेगळ्या पानावर सकाळी सहा ते रात्री दहा अशा अर्ध्या तासाच्या चौकटी आखा. घडलं तिथे काट, नाही घडलं तिथे रिकामी. चौदा दिवसांनी ते पान हातभर लांब धरलं की काळे पट्टे आपोआप दिसतात. वर्तनाची सुरुवातीची मोजणी करायला सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी बेसिक-एमआर ही मोजपट्टी काढली. तिच्या दुसऱ्या भागात समस्या-वर्तनाच्या ७५ बाबी आहेत. तुमच्या सायकॉलॉजिस्टकडे ती भरून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा भरा.

माझी बहीण मेलबर्नला असते. तिच्या मुलाला सरकारकडून ‘बिहेवियर सपोर्ट प्रॅक्टिशनर’ मिळाला. ती म्हणते, गोव्यात पण मागून घ्या. तसं काही आहे का?
— म्हापसा

तशी व्यवस्था आपल्याकडे नाही. ऑस्ट्रेलियात एनडीआयएस नावाची राष्ट्रीय योजना आहे. तिच्यात पात्र व्यक्तीच्या गरजा ठरवून त्यासाठी निधी मंजूर होतो आणि हे काम करणाऱ्यांवर एक स्वतंत्र आयोग लक्ष ठेवतो. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारची दिव्यांगता येते, पण वर्तन-साहाय्य ही वेगळी सेवा म्हणून त्यात लिहिलेली नाही.

पण तिथल्या नियमांतल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली मुदतीची. व्यक्तीवर बंधनं घालावी लागत असतील, तर एका महिन्यात तात्पुरती योजना आणि सहा महिन्यांत पूर्ण योजना तयार व्हावी लागते. तुम्हीही इथल्या तज्ज्ञाकडून तारखा मागा. दुसरी बंधनांची यादी. एकटं कोंडणं, वागणं दाबण्यापुरतं औषध, बांधून ठेवणं, धरून ठेवणं आणि वस्तू किंवा जागा कुलूपबंद करणं, अशी पाच नावं त्यात आहेत. फ्रिजला लावलेलं कुलूपही त्यात मोडतं. आपल्या घरात यातलं काय चालतं, किती वेळा आणि ते कमी कसं करायचं, हे योजनेत लिहून घेतलं पाहिजे.

बहिणीच्या ओळखीने तिथल्या तज्ज्ञाचा ऑनलाइन सल्ला घ्यायला हरकत नाही. घरातले व्हिडिओ आणि वही यांचा अर्थ लावायला तो उपयोगी पडेल. पण रोजचं काम घरची माणसंच करतात, आणि त्यांना ते जमतं. ऑटिझमच्या ६५ मुलांवर गोवा आणि रावळपिंडीत मिळून झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना बारा सत्रं दिली. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. तो अभ्यास संवादाचा होता, वर्तनाचा नव्हे. पण मनगट चावण्याचं निम्मं मूळ संवादातच असतं.

आमच्या वर्गातला एक मुलगा बाक ढकलतो, जवळच्याला मारतो. बौद्धिक दिव्यांगता आहे. मुख्याध्यापक रोज साडेदहाला आईला फोन करून त्याला घरी पाठवतात. मला हे पटत नाही. पण वर्गात बाकीची तीस मुलं आहेत.
— एक शिक्षिका, पेडणे

तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. साडेदहाला काय सुरू होतं? गणिताचं लेखन? तो बाक ढकलतो आणि घरी जातो. उद्या पुन्हा ढकलेल, कारण शाळेने रोज त्याला हाच धडा शिकवलाय, ढकललं की सुटका. शिक्षा म्हणून घरी पाठवणं त्याच्यासाठी बक्षीस ठरतंय, आणि म्हणून वेळ हळूहळू अलीकडे सरकत जाणार: साडेदहा, मग दहा.

उद्यापासून एवढं करता येईल. साडेदहाच्या आधी, दहा वाजून वीस मिनिटांनी, तुम्हीच त्याला तीन मिनिटांची सुट्टी द्या: फळा पुसणं, पाण्याची बाटली भरून आणणं. त्याने काही करण्याआधी द्या. मारल्यावर दिलीत तर तो मारण्याचाच मोबदला होतो. त्याला ‘थोडं थांबतो’ असं कार्ड द्या, दिवसाला पाच वेळा वापरायची मुभा ठेवा, आणि वापरल्यावर तीन मिनिटांनी त्याच कामाकडे परत आणा. काम मात्र छोटं करा. दहा गणितं असतील तर दोन, तीही उभी मांडून. बसायची जागा दाराजवळ, पाठीमागे कुणी नको, कारण मागून लागलेला धक्का अशा मुलांना सोसत नाही. तरी मारलंच, तर बोलणं कमी, इतर मुलं बाजूला, आणि दहा मिनिटांनी शांत झाल्यावर तेच काम, अर्धं करून.

मुख्याध्यापकांशी बोलताना कायदा हाताशी असू द्या, पण पहिल्या वाक्यात काढू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये भेदभाव न करता शाळेत घेण्याची आणि गरजेप्रमाणे सोयी करण्याची जबाबदारी आहे. कलम ३१ प्रमाणे चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. एक पानी योजना लिहा, आई, तुम्ही, मुख्याध्यापक आणि ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शिक्षण योजनेतल्या विशेष शिक्षकांनी सही करा, चार आठवड्यांनी बसा. आईला सांगा, घरी नेण्याचा प्रत्येक फोन तारखेसह टिपून ठेव. काहीच हललं नाही तर भागशिक्षणाधिकारी, आणि नंतर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे अर्ज करताना ती टिपणंच कामी येतील.

माझा भाऊ सव्वीस वर्षांचा. बौद्धिक दिव्यांगता, फिट्स येतात. शाळा अठराव्या वर्षी संपली, तेव्हापासून घरीच. गेले तीन महिने आईला ढकलतो, भांडी फेकतो. रात्री त्याला खोलीत घालून बाहेरून कडी लावतो. लाज वाटते लिहायला. मोठ्या माणसासाठी कोणी आहे का? फिट्सची गोळी एप्रिलमध्ये बदलली, एवढंच नवं.
— सत्तरी

लाज वाटून घेऊ नका. मदत न मिळालेली बरीच घरं याच कडीपर्यंत पोचतात.

तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. गोळी बदलली आणि वागणं बदललं, दोन्ही तीन महिन्यांतलं. फिट्सवरच्या काही औषधांनी चिडचिड आणि आक्रमकता वाढते. लेव्हेटिरासिटाम हे त्यातलं ठळक नाव. गोळीची पट्टी घेऊन याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि वागणं कुठल्या तारखेपासून बदललं ते सांगा. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. फिट्सचं औषध एकदम थांबवलं तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

वागण्यासाठी रिस्पेरिडोनसारखं औषध सुचवलं गेलं तर चार गोष्टी विचारा: नेमक्या कुठल्या वागण्यासाठी, किती दिवसांत फरक दिसावा, कधी कमी करून बघणार, आणि सुरू करण्याआधी वजन, साखर, कोलेस्टेरॉल तपासलं का. हे औषध भूक वाढवतं, म्हणून वजन दर महिन्याला लिहा. औषधाने आलेली शांतता हे शिकवण्यासाठी मिळालेले दिवस समजा. त्या दिवसांत काहीच शिकवलं नाही, तर पुढे डोस फक्त वाढत जातो.

दुसरं, त्याचा रिकामा दिवस. शाळा असताना सकाळपासून दुपारपर्यंत काम होतं, माणसं होती. आता आठ वर्षं काहीच नाही. सव्वीस वर्षांच्या धडधाकट अंगाला काम हवं: विहिरीवरून पाणी, झाडांना शिंपणं, सुपाऱ्या सोलणं, दुकानापर्यंत चालत जाऊन एकच वस्तू आणणं. भिंतीवर चार-पाच फोटो क्रमाने लावा, झालं की फोटो उलटा करायचा. प्रौढांसाठी कार्यशाळा किंवा दिवसकेंद्र आहे का, हे वर दिलेल्या संस्थांत विचारा. वर्तनासाठी वयाची अट नसलेली सरकारी जागा म्हणजे आयपीएचबीचा बाह्यरुग्ण विभाग.

कडीबद्दल. आग लागली किंवा आतमध्ये फिट आली तर काय, हा एकच विचार पुरे आहे. दाराला उघडताच वाजणारी बॅटरीवरची घंटा लावा, कडी काढा, विळी-कोयता रात्री कपाटात बंद करा. तो भडकला की दोन हात अंतर ठेवा, दारात उभे राहू नका, आवाज खाली, वाक्य तीन शब्दांचं, बघ्यांना बाहेर काढा. हात धरायला गेलात की भडका वाढतो. आईला एकटी ठेवू नका. हाताबाहेर गेलं तर १०८ किंवा ११२, आणि पहिल्याच वाक्यात सांगा, याला बौद्धिक दिव्यांगता आहे, फिट्स येतात. आईला रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ ही टेली-मानसची मोफत सेवा चोवीस तास असते.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बौद्धिक दिव्यांगता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगता असलेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालकत्व १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून मिळतं. उपचारांचे निर्णय घेताना ते लागेल. अर्ज आताच करा.

थेरपीचे पैसे परवडत नाहीत. विमा मिळतो का?
— काणकोण

राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना बघा. वर सांगितलेल्या चार दिव्यांगतांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि नियमित थेरपीही ठराविक मर्यादेत धरली जाते. दिव्यांगता प्रमाणपत्र हवं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढा. पैसे आधी भरून मग परत मागायचे असतात. दावे अडकतात ते बिलांमुळे. प्रत्येक बिलावर रुग्णाचं पूर्ण नाव, सत्राची तारीख, थेरपीचा प्रकार, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. महिन्याचं एकत्र बिल घेऊ नका. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा. हुकली की मधल्या काळातला खर्च बुडतो.

एका सेंटरने तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ मागितलंय. आत पालकांना सोडत नाहीत. मुलगी तिथल्या गेटवरच रडायला लागते.
— वास्को

पैसे भरू नका. बंद दार, आगाऊ पैसे आणि गेटवरचं रडणं, तिन्ही एकत्र आली की चौथं कारण शोधायची गरज नाही. ‘बरं करून देतो’ म्हणणारा, जेवण रोखून काम करून घेणारा, तिखट लावणारा, स्टेम सेल सुचवणारा, या सगळ्यांना हेच उत्तर. अंगावर वळ दिसले तर फोटो, तारीख, डॉक्टरांचा कागद, आणि १०९८ वर फोन.

चतुर्थी जवळ आली. घुमट (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) आणि फटाके सुरू झाले की आमचा मुलगा (सात वर्षं, ऑटिझम) कान धरून किंचाळतो. पाहुणे म्हणतात, सवय लावा. दीड दिवस त्याला आजोळी ठेवू का?
— मडगाव

आजोळी पाठवायची गरज नाही, आणि एकदम सवयही लागत नाही. तीन आठवडे हातात असतील तर आजच सुरू करा. फोनवर घुमट-आरती अगदी बारीक आवाजात, त्याच्या आवडत्या खेळाच्या वेळी, दोन मिनिटं. तो स्वस्थ असेल तरच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आवाज एक रेघ वर. कान धरले तर दोन रेघा खाली. गेल्या वर्षीचे फोटो काढून छोटी वही करा: माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) बांधतात, गणपती येतो, आरती, जेवण, विसर्जन. रोज झोपताना दाखवा.

घरातली मागची एक खोली त्याची, दाराला खूण, पाहुण्यांना मज्जाव. फटाके आपल्या अंगणात नकोत, हे वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी वाद नको. इअरमफ गळ्यात अडकवलेले असू देत, म्हणजे चढवायचे कधी हे तो ठरवील. आरतीला सुरुवातीपासून उभं करू नका. शेवटची पाच मिनिटं, दारापाशी, तुमचा हात धरून, आणि प्रसादाचा पहिला मोदक त्याच्या हातात. पाच मिनिटं झाली आणि तो शांत असला तरी बाहेर न्या. पुढच्या वर्षी सात.